वास येतो, पण उगम सापडत नाही: वासाचे भास होत असतील तर काय करायचं, कुठल्या क्रमाने

अपस्मार (फिट येण्याचा आजार), मायग्रेन, पार्किन्सन असा एखादा आजार असेल, किंवा डोक्याला जबर मार लागून गेला असेल, तर कधीतरी असं होऊ शकतं: आसपास काहीही नसताना एकदम जळक्या रबराचा, धुराचा किंवा सडल्याचा भपकारा येतो. बाकी कुणाला तो येत नाही. अशा वेळी बहुतेक घरांत दोनपैकी एक चूक होते. एक तर ‘सायनस असेल’ म्हणून वर्षानुवर्षं नाकात थेंब घातले जातात, नाहीतर पहिल्याच भपकाऱ्याने घाबरून थेट एमआरआयची वेळ घेतली जाते. दोन्ही वाटांवर नीट नोंद करायची तेवढी राहून जाते.

डॉक्टरांना वासाच्या नावावरून फारसं काही ठरवता येत नाही. जळका वास अपस्मारात येतो, मायग्रेनमध्ये येतो आणि नाकाच्या बिघाडातही येतो. तो किती वेळ टिकला, त्या वेळी शुद्ध कशी होती, आधी आणि नंतर काय झालं, यावर निदान उभं राहतं. ही माहिती कुठल्याही यंत्रातून मिळत नाही. ती तुमच्याकडे आणि तुमच्या जवळच्या माणसाकडेच असते, आणि काही तासांत पुसट होते. म्हणून खालचे टप्पे क्रमाने करा. पहिला टप्पा तर कितव्यांदाही वास आला तरी गाळू नका.

## आधीची तयारी

भास सुरू झाल्यावर शोधाशोध करायला वेळ मिळत नाही. या गोष्टी आधीच हाताशी ठेवा.

वही किंवा आवाजाची नोंद. खिशात मावेल अशी वही चालेल. लिहायला त्रास होत असेल, हात थरथरत असेल, तर मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करायचं बटण पहिल्याच पडद्यावर आणून ठेवा.

सेकंद दिसणारं घड्याळ. ‘थोडा वेळ’ ही नोंद निरुपयोगी आहे. भास चालू असताना एक मिनिट पाच मिनिटांसारखं वाटतं, त्यामुळे अंदाजाने लिहिलेला वेळ जवळजवळ नेहमी फुगलेला असतो.

औषधांची पूर्ण यादी. नाव, मात्रा, कधीपासून, आणि मात्रा शेवटची कधी बदलली ती तारीख. नाकात मारायचे स्प्रे, जीवनसत्त्वांच्या गोळ्या, काढे हेही त्यात आलेच. लोक ‘ते काही औषध नाही’ म्हणून हेच नेमके वगळतात.

एक ठरलेला माणूस. सोबत राहणाऱ्या एकाला चौथा टप्पा आधीच वाचायला द्या. ऐन वेळी समजावत बसता येत नाही.

धोक्याची घंटा देणारी यंत्रं. धुराचा अलार्म, गॅस डिटेक्टर आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. ज्याच्या नाकावर भरवसा ठेवता येत नाही, त्याच्या घरात ही चैन नव्हे, गरज आहे. गॅस डिटेक्टर लावताना जागा चुकते, तेवढी सांभाळा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो, म्हणून त्याचं यंत्र खाली हवं. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हलका असतो आणि वर चढतो, त्याचं यंत्र छताजवळ हवं. उलट लावलेलं यंत्र गळती झाली तरी बराच वेळ गप्प राहतं.

## टप्पा १: प्रत्येक वेळी आधी वास खरा धरा

पाच-सहा वेळा भास निघाला की सातव्या वेळी माणूस उठून बघतच नाही, आणि गळती त्याच वेळी खरी असू शकते. तेव्हा हा क्रम ठेवा:

१. अपस्मार असेल तर आधी खाली बसा. हातात सुरी, गरम भांडं, इस्त्री असेल तर ठेवून द्या. जिन्यात असाल तर तिथेच पायरीवर बसा. पुढे मोठा झटका आला तर निदान पडणं तरी टळेल.

२. घरात कुणी असेल तर हाक मारा आणि एवढंच विचारा, ‘तुला काही वास येतोय का?’ ‘तुला जळका वास येतोय का?’ असं विचारू नका. जळका म्हटलं की समोरचा तोच वास शोधायला लागतो आणि पुष्कळदा त्याला तो ‘येतो’ही.

३. गॅसचा संशय असेल तर दिव्याचं किंवा पंख्याचं कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका. रेग्युलेटर किंवा मुख्य झडप बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर या. फोनसुद्धा बाहेर आल्यावर करा.

४. जळका वास असेल तर चार्जर, प्लग, स्विचबोर्ड नजरेने तपासा. काळवंडलेल्या बोर्डाला हात लावू नका.

५. काहीच सापडलं नाही तर जागा बदला. उघड्यावर जा. खरा वास उगमापासून लांब गेल्यावर कमी होतो, भास मात्र बरोबर येतो. याला एक अपवाद आहे. किडलेला दात, हिरड्यांतला पू, नाकात अडकलेली वस्तू किंवा कपड्यांना लागलेला वास हेही तुमच्याबरोबरच चालतात आणि खरे असतात.

> सावधान: एलपीजीला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हे उग्र वासाचं रसायन मिसळतात. कार्बन मोनॉक्साइडला तर काहीच वास नसतो. घरातल्या सगळ्यांनाच एकदम डोकेदुखी, मळमळ, चक्कर सुरू झाली तर वासाची वाट न बघता सगळ्यांना घेऊन बाहेर पडा.

## टप्पा २: नाकपुडी बंद करून पाहा

वास अजून टिकून असेल तरच हा टप्पा करा. एक नाकपुडी बोटाने दाबून धरा आणि दहा सेकंद दुसरीने श्वास घ्या. मग दुसरी दाबा. शेवटी दोन्ही चिमटीत धरून तोंडाने श्वास घ्या.

एका बाजूची नाकपुडी दाबली की वास थांबतो आणि सोडली की परत येतो, असं वारंवार होत असेल, तर बिघाड नाकात किंवा नाकाच्या छताशी असलेल्या वासाच्या पेशींत असण्याची शक्यता वाढते. दोन्ही बंद करूनही वास तसाच असेल तर तो मेंदूत तयार होत असल्याचा संशय बळावतो. हा पुरावा नाही, इशारा आहे. नोंदीत तो तेवढ्याच वजनाने लिहा.

इथे हमखास होणारी चूक वेळेची आहे. अपस्मारातला वास बहुधा काही सेकंद ते एक-दोन मिनिटं टिकतो. नाकपुडी दाबेपर्यंत तो आपोआपच ओसरायला लागलेला असतो, आणि माणसाला वाटतं की दाबल्यामुळे गेला. वास मिनिटभरही टिकला नसेल तर चाचणीचा निकाल लिहूच नका. ‘करता आली नाही’ असं लिहा.

चाचणीआधी नाक शिंकरू नका, स्प्रे मारू नका, बाम हुंगू नका.

## टप्पा ३: दहा मिनिटांच्या आत नोंद

रात्री झोपताना दिवसभराचं आठवून लिहिलेली वही डॉक्टरांच्या दृष्टीने जवळजवळ कोरीच असते. भास ओसरला, डोकं ताळ्यावर आलं की लगेच लिहा. बोट ठेवता येईल अशा गोष्टी लिहा. तर्क लिहू नका. ‘पित्तामुळे वास आला’ हा तर्क झाला, ‘वास येण्याआधी पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटलं’ ही नोंद झाली. आणि ती मोठी मोलाची आहे, कारण पोटातून वर चढत जाणारी संवेदना ही टेम्पोरल लोबमधल्या, म्हणजे मेंदूच्या कानशिलाजवळच्या भागातल्या, झटक्याची ओळखीची खूण आहे.

उपयोगी नोंद साधारण अशी दिसते:

*मंगळवार, सकाळी ७.४०. ४० सेकंद (घड्याळ पाहून). रबर जळाल्यासारखा, किळसवाणा. दोन्ही नाकपुड्यांत, नक्की सांगता येत नाही. आधी: पोटात गोळा येऊन वर चढला. त्याच वेळी: हे सगळं पूर्वी घडलंय असं वाटलं, भीती वाटली. नंतर: पाच मिनिटं शब्द सापडत नव्हते. डोकं दुखलं नाही. काल झोप चार तास. रात्रीची गोळी विसरले. घरात कुणाला वास नाही.*

यात रबराचा उल्लेख एकदाच आहे, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं आहे. तुमच्या नोंदीतही तेच प्रमाण असू द्या. रोज लिहायच्या गोष्टींत झोप, चुकलेल्या गोळ्या, ताप, मद्यपान, पाळीचे दिवस आणि डोकेदुखी एवढ्या हव्यातच. यांतल्या बहुतेक गोष्टी अपस्मारालाही चेतवतात आणि मायग्रेनलाही, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांत पानं उलटताना जोड दिसायला लागते.

> इथे तपासा: नोंदीत सेकंद किंवा मिनिटं लिहिली आहेत का? भासाआधीचा आणि नंतरचा असा वेगवेगळा मजकूर आहे का? दोन्ही नसतील तर वास कितीही रंगवून लिहिलेला असला तरी नोंद अपुरी आहे.

## टप्पा ४: जवळच्या माणसाचं काम

भास होणाऱ्याला स्वतःची शुद्ध किती होती हे सांगता येत नाही. जो वेळ निसटला तो निसटला हेच त्याला माहीत नसतं. म्हणून दुसऱ्या माणसाचे डोळे लागतात.

काय पाहायचं? नजर एकटक लागली का? ओठ चाटणं, चघळल्यासारखं तोंड हलवणं, बोटांनी कपड्याशी चाळा करणं, गिळत राहणं होतंय का? चेहरा पांढरा पडला का? नाव विचारलं तर उत्तर देतो का? भास चालू असतानाच एक साधा शब्द सांगा, ‘कुलूप’ म्हणा, आणि भास ओसरल्यावर कुठला शब्द सांगितला होता ते विचारा. आठवला नाही तर तसं लिहा. जमलं तर मोबाईलवर चित्रफीत घ्या. चेहरा आणि दोन्ही हात चौकटीत येऊ द्या, आणि तो पूर्ण भानावर येईपर्यंत चित्रण थांबवू नका. बहुतेक चित्रफिती नेमक्या ‘झालं आता’ म्हणत तोडलेल्या असतात आणि नंतरचा गोंधळलेला काळ त्यांतून निसटतो.

मोठा झटका आलाच तर आसपासच्या टणक वस्तू बाजूला करा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, हातपाय दाबून धरू नका. झटका ओसरला की कुशीवर वळवा. तोंडात काही घालायचं नाही, पाणी पाजायचं नाही, आणि शुद्धीवर आणायला नाकाशी उग्र वासाचं काही धरायचं नाही.

## टप्पा ५: नक्की काय होतंय ते वेगळं करा

‘मला विचित्र वास येतात’ या एका वाक्यात चार निरनिराळ्या तक्रारी लपलेल्या असू शकतात, आणि त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत.

काहीच नसताना वास येणं म्हणजे फॅन्टॉस्मिया, वासाचा भास. समोर वस्तू आहे, तिचा वास येतो, पण चुकीचा आणि बहुधा घाणेरडा येतो, तेव्हा तो पॅरॉस्मिया. कॉफी हुंगली आणि सांडपाण्यासारखा वास आला, तर हा भास नव्हे, विकृत वास आहे. विषाणुसंसर्गानंतर, कोविड-१९ नंतर तर विशेषच, तो पुष्कळांना झाला. तिसरी तक्रार वास कमी होण्याची किंवा जाण्याची. पार्किन्सनच्या बहुसंख्य रुग्णांत ती असते, हातापायांची लक्षणं दिसण्याच्या कित्येक वर्षं आधीपासूनही असू शकते, आणि रुग्णाला तिचा पत्ताच नसतो. चौथी तक्रार म्हणजे साधे वासही असह्य होणं. मायग्रेनमध्ये अत्तर, रंग, धूर नकोसे होतात ते यातलं.

ओळखायचा सोपा प्रश्न: वास येतो तेव्हा समोर काही असतं का? नेहमी असतंच, तर पॅरॉस्मिया किंवा असह्यता. नसतं, तर भास. दोन्ही होत असेल तर वहीत दोन स्वतंत्र भाग करा, एकत्र मिसळू नका.

घरी वास घेण्याची ताकद पाहायची असेल तर झोंबणारे पदार्थ वापरू नका. बाम, अमोनिया, पुदिन्याचा अर्क यांची झिणझिण चेहऱ्याच्या संवेदनेची नस पकडते. वासाची नस पूर्ण तुटलेल्या माणसालाही ती जाणवते. त्यामुळे बाम कळला म्हणजे वास शाबूत, ही समजूत फसवी आहे. डोळे मिटून, एका वेळी एक नाकपुडी बंद ठेवून, सौम्य ओळखीचा वास द्या: साबण, लिंबाची साल, गुलाब.

## टप्पा ६: दोन-तीन आठवड्यांची पानं एकत्र वाचा

स्वतःचं निदान स्वतः करायला हा टप्पा नाही. कोणत्या दारी आधी जायचं, तेवढं ठरवायला आहे.

भास सेकंदांत मोजण्याइतका, दर वेळी हुबेहूब तसाच, अचानक सुरू होऊन अचानक संपणारा, सोबत भीती, पूर्वी घडल्याची भावना, पोटातून चढणारा गोळा किंवा नंतर थोडा गोंधळ: हे चित्र अपस्माराकडे बोट दाखवतं. मेंदूत वासाचा अर्थ लावणारा भाग टेम्पोरल लोबच्या आतल्या कडेला, भीती आणि आठवणींच्या केंद्रांना अगदी खेटून आहे. म्हणून हे सगळं एकदम उसळतं.

पाच मिनिटं ते तासाभर टिकणारा, त्यापाठोपाठ किंवा त्याबरोबरच ठणकणारं डोकं, मळमळ, उजेड नकोसा: मायग्रेनचा विचार होतो.

तासन् तास किंवा दिवसभर रेंगाळणारा, जोरात श्वास ओढला किंवा शिंकलं की सुरू होणारा, एका नाकपुडीशी बांधलेला, सोबत नाक चोंदणं किंवा घट्ट शेंबूड: आधी नाक आणि दात.

डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेला असेल तर वास जाणं, विकृत होणं आणि भास ही तिन्ही बरोबर असू शकतात. नाकातून मेंदूकडे जाणारे वासाचे तंतू कवटीच्या तळाशी असलेल्या भोकाभोकांच्या हाडातून वर जातात. डोकं हिसकल्यावर ते तिथेच तुटू शकतात.

पार्किन्सनमध्ये नवीन गोळी सुरू झाल्यावर किंवा मात्रा वाढल्यावर भास सुरू झाले असतील तर तारखा शेजारी शेजारी मांडा. त्या औषधांनी भास होऊ शकतात. माणसं किंवा प्राणी दिसल्यासारखं होतंय का, हेही आपणहून सांगा. रुग्ण लाजेपोटी ते दडवतात.

वासाबरोबर ‘कुणीतरी मुद्दाम वायू सोडतंय’ किंवा ‘माझ्याच अंगाला घाण येते म्हणून लोक टाळतात’ अशी पक्की खात्री बसली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांची मदत लागते. घरच्यांनी वाद घालून ती खात्री मोडायला जाऊ नये. त्याने ती घट्टच होते.

> वहीची वाट न बघता तातडीने रुग्णालयात जा: झटका पाच मिनिटांहून जास्त चालला किंवा शुद्ध न येता दुसरा सुरू झाला; आयुष्यात पहिल्यांदाच मोठा झटका आला; तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात लुळा पडला, बोलणं अडखळलं; वासाबरोबर ताप, असंबद्ध बोलणं, मान ताठ (मेंदूच्या ज्वरात टेम्पोरल लोबला सूज येऊ शकते आणि तिथे तास मोलाचे असतात); डोक्याला मार लागल्यानंतर नाकातून पाण्यासारखा स्वच्छ, खारट द्रव गळतोय.

जळका वास आला म्हणजे पक्षाघातच, ही समजूत बरीच पसरली आहे. पक्षाघात ओळखायचा तो चेहरा, हात आणि बोलणं यांवरून. नुसत्या वासावर अडून राहू नका, आणि ही तीन लक्षणं असतील तर वास नाही म्हणून थांबूही नका.

## टप्पा ७: डॉक्टरांसमोर

न्यूरोलॉजिस्टकडे आधीपासून उपचार चालू असतील तर आधी त्यांनाच दाखवा, मग त्यांच्या सल्ल्याने कान-नाक-घसा तज्ज्ञांना. नवी तक्रार, आणि नाकाची लक्षणं ठळक असतील तर उलट क्रम चालेल. वही अख्खी पुढे सरकवू नका. एका कागदावर चार ओळी काढा: कधीपासून, आठवड्यातून किती वेळा, सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त किती वेळ टिकला, सोबत आणखी काय होतं. चित्रफीत आधीच उघडून ठेवा. साक्षीदाराला सोबत न्या.

साक्षीदार का, ते या छोट्या संवादातून कळेल. तपासणीच्या खोलीत असं काहीसं बोलणं होतं.

‘वास आला तेव्हा काय करत होतात?’
‘कपडे वाळत घालत होते.’
‘शुद्ध होती?’
‘पूर्ण होती. सगळं आठवतंय.’
‘मग उरलेले कपडे कधी वाळत घातलेत?’
बाई गप्प होतात. शेजारी बसलेली मुलगी सांगते, ‘आई ओला टॉवेल हातात धरून उभी होती. मी दोनदा हाक मारली.’

पहिल्या तीन वाक्यांवरून शुद्ध असलेला छोटा झटका वाटला असता. मुलीच्या बोलण्याने तो शुद्ध हरपणारा झटका ठरतो. गाडी चालवण्यापासून गोळीच्या मात्रेपर्यंत बरंच काही त्यावर बदलतं.

फाइलमध्ये ‘ऑरा’ असा शब्द दिसला तर तो झटक्याची नुसती पूर्वसूचना आहे असं समजू नका. अपस्मारातला ऑरा हाच एक छोटा झटका असतो. इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी या अपस्मारावर काम करणाऱ्या संस्थेच्या २०१७ च्या वर्गीकरणात त्याला फोकल अवेअर सीझर (शुद्ध असताना, मेंदूच्या एका भागापुरता येणारा झटका) म्हटलं आहे, जुन्या कागदांत सिंपल पार्शियल सीझर असं सापडेल.

## टप्पा ८: तपासण्या, आणि त्यांच्याकडून काय अपेक्षा ठेवायची

सगळ्यांना सगळ्या लागत नाहीत.

ईईजी. हा मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख. साधा ईईजी साधारण अर्ध्या तासाचा असतो. त्या अर्ध्या तासात मेंदू शांत असेल तर आलेख नॉर्मल येतो, आणि अपस्मार तरीही असू शकतो. ‘रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे मनाचे खेळ’ हे घराघरातलं वाक्य इथे साफ चुकीचं आहे. गरज पडली तर झोप कमी करून किंवा एक-दोन दिवस व्हिडिओसह ईईजी करतात. तपासणीआधी केस धुवा, तेल लावू नका. गोळ्या आपल्या मनाने बंद करून जाऊ नका.

एमआरआय. अपस्माराचा संशय आहे हे मागणीपत्रावर लिहिलेलं आहे का ते बघून घ्या. तसं लिहिलं असेल तर टेम्पोरल लोबचे बारीक काप त्या दृष्टीने घेतले जातात. गाठ निघण्याची भीती प्रत्येकाला असते. ती शक्यता तपासायलाच हवी, पण वासाच्या भासामागे गाठ असणं विरळा आहे.

नाकाची दुर्बीण. सूज, पॉलिप (नाकातली मऊ वाढ), बुरशी, पू दिसतं. दोन-तीन मिनिटांचं काम, आणि पुष्कळदा उगीच टाळलं जाणारं.

वासाची मोजणी. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या चाचणीत ४० वास असतात, खरवडून हुंगायचे आणि प्रत्येकी चार पर्यायांतून ओळखायचे. दुसऱ्या एका पद्धतीत पेनसारख्या कांड्या वापरतात. वास ओळखीचाच नसेल तर उत्तर चुकतं. तेव्हा ‘हा वास मी कधी घेतलेलाच नाही’ हे तपासणाऱ्याला स्पष्ट सांगा.

## टप्पा ९: निदानानंतर

अपस्मार ठरला तर उपचार झटक्यांवरचे. वास थांबवायची वेगळी गोळी नसते. इथली सगळ्यात महागात पडणारी चूक अशी: मोठे झटके थांबतात, फक्त वास येत राहतो, आणि रुग्ण डॉक्टरांना सांगतो, ‘आता काही त्रास नाही.’ वास येतोय म्हणजे झटके चालू आहेत. डॉक्टरांनी स्पष्ट परवानगी देईपर्यंत गाडी चालवणं, एकट्याने पोहणं, शिडीवर चढणं बंद ठेवा. गोळी एकदम थांबवू नका. अपस्माराची गोळी अशी थांबवली तर झटके उसळतात, पार्किन्सनची थांबवली तर शरीर ताठरून जिवावर बेतू शकतं.

नाकात सूज निघाली आणि मिठाच्या पाण्याने नाक धुवायला सांगितलं असेल, तर पाणी उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड घ्या, थेट नळाचं नको. नळाच्या पाण्यात असू शकणारा नीग्लेरिया नावाचा अमीबा नाकावाटे मेंदूत गेल्यास बहुधा जीव जातो. नाकात घालायची जस्ताची औषधं टाळा. त्यांनी वास कायमचा जाऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००९ साली दिला होता.

वास गेला असेल किंवा विकृत झाला असेल तर वासाचा सराव करून पाहण्यासारखा आहे. वासाचे अभ्यासक थॉमस हुमेल यांनी २००९ साली मांडलेल्या पद्धतीत गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी असे चार वास सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकी साधारण दहा सेकंद, किमान १२ आठवडे हुंगायचे. हुंगताना त्या वस्तूची आठवण मनात आणायची. घाईघाईने जोरात ओढायचं नाही, ससा हुंगतो तसे छोटे श्वास घ्यायचे. लोक तीन आठवड्यांत सोडून देतात, तिथे फायदा दिसायची वेळच आलेली नसते.

> सावधान: अपस्मार असेल तर हा सराव डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि निलगिरी, कापूर यांची तेलं तर नकोतच. त्यांच्यामुळे झटके आल्याच्या नोंदी आहेत. अपस्मारातले भास सरावाने जातही नाहीत. मायग्रेनमध्ये तीव्र वासाने दुखणं उठू शकतं. सुरुवातीला एकच सौम्य वास घ्या.

भास चालू असेपर्यंत शिळं-ताजं ठरवायला नाक वापरू नका, डब्यावर तारीख लिहा. घाणेरड्या वासाने जेवण कमी होत असेल तर महिन्याला वजन करा, सतत उतरत असेल तर तेही त्या चार ओळींच्या कागदावर यायला हवं.

औषध सुरू झालं किंवा मात्रा बदलली की वहीत आडवी रेघ मारा आणि तारीख घाला. रेघेच्या वर आठवड्याला किती भास, खाली किती. वर किती सेकंद, खाली किती. पुढच्या भेटीत ‘बरं वाटतंय’ म्हणण्याऐवजी हे आकडे सांगा, आणि भास पूर्ण थांबले तरी डॉक्टर सांगेपर्यंत वही चालू ठेवा.